जडसंग्रह नोंदवही

गजभिये सरांनी कपाटाची किल्ली
माझ्या हातात ठेवली सहामाहीच्या आधी,
बुधवारी, छोट्या सुट्टीत.
म्हणाले, मोजून घ्या.

चंचुपात्रं अकरा.
परीक्षानळ्या छत्तीस, पैकी तडा गेलेल्या चार.
लिटमस, निळा भरपूर, लाल संपत आलेला.
मानवी सांगाडा एक, डावा हात नाही.
"हात कुठंय?"
"मी आलो तेव्हाही नव्हता."

येऊन चौदा वर्षं झाली त्यांना.
त्यातली नऊ बिनपगारी,
मग वीस टक्के, मग चाळीस,
दर अधिवेशनाला मैदानावर एक सतरंजी,
आणि लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामाचा प्रश्न:
शिक्षक, ते ठीक. पण करता काय?

आता वाशीला, सेक्टर सतराला,
काचेच्या दाराआड क्लास.
भिंतीवर त्यांचा फोटो लागेल, कोट घातलेला.
प्रयोग तिथं फळ्यावरच होतात.
हे त्यांनीच सांगितलं, हसत,
आणि मग चहा निवला तरी प्यायले नाहीत.

निरोपाला शाल, श्रीफळ, मढवी बाईंचं भाषण,
जाणाऱ्याला थांबवू नये वगैरे.
थांबवलं कुणी होतं?

जाणाऱ्याची कारणं सगळ्यांना ठाऊक असतात,
स्टाफरूममध्ये ती डब्याबरोबर उघडतात.
राहणाऱ्याला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं:
पतपेढीचं कर्ज, अजून एकतीस हप्ते.
घरापासून शाळा चालत बारा मिनिटं.
सासऱ्यांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी,
त्या दिवशी हेडबाई पहिला तास ऑफ देतात
आणि बोलून दाखवत नाहीत.
आणि भीती. बेचाळिसाव्या वर्षी
कुणापुढं बायोडेटा धरायचा, ही साधी भीती.

यात ध्येय कुठं आलं?
ते येतं पाच सप्टेंबरला, भाषणात.
सहा तारखेला मतदारयाद्या घेऊन
मी रबाळ्याच्या खाणीकडच्या झोपड्यांतून फिरत होते,
दारांवर खडूनं आकडे टाकत.
एका दारात नववी ब मधला संतोष धोत्रे
भांडी घासत बसलेला.
मला बघून ताडकन उठला,
कोपरापर्यंत साबण,
म्हणाला, "हजर, मॅडम."
मी यादीत त्याच्या आजीचं नाव शोधत राहिले.

गुरुवारी नववी ब.
विज्ञान आता माझ्याकडे. मूळ विषय माझा भूगोल.
संतोषनं विचारलं, "गजभिये सर गेले?"
"हो."
"मग तुम्ही कधी जाणार?"
राग नव्हता त्यात.
घणसोली नाक्यावर उभं राहून
बेलापूरची बस कधी आहे विचारावं, तसं.
इंग्रजीच्या बाई गेल्यात त्याच्या, पीटीचे सर गेलेत,
बाप सुरतेला गेलाय, परवा येतो म्हणून.
वर्गात कुणी हसलं नाही.
मी म्हटलं, वही काढ.
उत्तर नव्हतं म्हणून म्हटलं.

शाळा सुटल्यावर परत कपाट उघडलं.
ब्युरेट लावायला जमेना,
मोबाइलवर बघून लावली,
थेंब मोजत बसले.
रंग दोनदा पुढं निघून गेला, भडक.
तिसऱ्यांदा थांबला,
अगदी फिका गुलाबी, हवा तसा,
आणि बघायला कुणी नव्हतं
सांगाड्याशिवाय.

मग नोंदवही पुढं ओढली.
ताब्यात घेतले: सही केली.
शेजारचा रकाना, परत दिल्याची तारीख.
त्यात वरती गजभिये सर, कालचीच शाई.
त्यांच्या वर दोघं, न वाचता येणारे.
सगळ्यात वर कुणी खुटवड बाई, शहाण्णव साल.
पेन थोडा वेळ तिथंच धरलं.

शिपाई दाराशी आला,
मॅडम, कुलूप लावायचंय.

उद्या लिटमस आणायला हवा.
लाल.